दुसरं सिलिंडर उपाशी आहे

लोरिस फाब्रीने जुनी मोटारसायकल घेतली तेव्हा ती चालत नव्हती, आणि त्याला नेमकं त्याचंच समाधान वाटलं. चालणारी गाडी कुणीही घेतो. लोरिसला बंद पडलेली, गंजलेली, कोंबड्यांनी वर बसून घाण केलेली साडेसातशे सीसीची शर्यतीची गाडी हवी होती. ती आपल्या हातांनी खोलायची, जुळवायची, कारखान्यातून निघाली त्याहून जोरात पळवायची आणि एका माणसासमोरून न्यायची, एवढाच त्याचा बेत होता. तो माणूस म्हणजे त्याचे वडील, एद्मो फाब्री, वय वर्षं चौऱ्याऐंशी.

रोव्हेरेल्ला गावात एद्मोंना कुणी नावाने हाक मारत नाही, सगळे उस्ताद म्हणतात. शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं भरवेगातल्या इंजिनांशेजारी उभं राहून काढली. आता ते सकाळी नऊ ते साडेबारा आम्नेरिसबाईंच्या बारबाहेर भिंतीला पाठ लावून बसतात, डोळे मिटून घेतात आणि चौकातून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा निकाल एका वाक्यात देतात. त्या निकालावर अपील नसतं. एकदा पोस्टमनची स्कूटर गेली तेव्हा ते म्हणाले, "दुसरं सिलिंडर उपाशी आहे." त्या स्कूटरला सिलिंडर एकच. बारमधली मंडळी हसून हसून टेबलांवर आडवी झाली, आणि उस्तादांचा विनोद म्हणून तो किस्सा पार खालच्या तीन गावांत पोचला.

या माणसाने लोरिसला कधी पाना हातात धरू दिला नव्हता. नवव्या वर्षी लोरिसने एक बोल्ट उलटा पिळून तोडला, तेव्हा वडिलांनी त्याचे दोन्ही पंजे हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले आणि त्याच्या आईला सांगितलं, "कारकुनाचे हात आहेत." पुढे लोरिस खरोखरच नगरपालिकेत, नकाशे आणि मोजणी खात्यात कारकून झाला. त्यात बोल्टचा दोष किती आणि त्या वाक्याचा किती, हे आता ठरवणं कठीण आहे. त्रेपन्नाव्या वर्षी त्याला वडिलांच्या तोंडून एकच गोष्ट ऐकायची होती: "बरी वाजतेय." उस्तादांच्या शब्दकोशात याहून मोठी स्तुती नव्हती. ती आजवर तीन इंजिनांच्या वाट्याला आली होती, आणि त्यातली दोन संग्रहालयात ठेवलेली आहेत.

गाडी टेम्पोतून उतरवून गॅरेजमध्ये ढकलेपर्यंत गॅरेजच्या दारात पाच निवृत्त माणसं हात पाठीमागे बांधून उभी होती. रोव्हेरेल्लात जो पुरुष साठीचा होतो, तो इंजिनाचा तज्ज्ञ होतो. त्याला परीक्षा नाही, पेन्शन सुरू झाली की पदवी आपोआप मिळते. त्यात अग्रभागी वाल्तेर. याने चाळीस वर्षं ट्रॅक्टरच्या कारखान्यात चाकांना नट लावले होते.

"किती दिलेस?" वाल्तेरने विचारलं.

लोरिसने सांगितलं.

"आणि वर कोंबड्यापण दिल्या का?"

दुसरा गुएर्रिनो. लेथवर काम करून त्याचं एक बोट गेलं होतं, आणि उरलेल्या नऊ बोटांत त्या बोटाचंही शहाणपण आलं आहे अशी त्याची समजूत होती. तो गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाला, "एअर फिल्टरचा डबा काढून फेक पहिला. इंजिनाला श्वास पाहिजे, श्वास. त्या जागी उघडी नरसाळी लाव. आम्ही शर्यतीत तेच करायचो."

"तू कधी होतास रे शर्यतीत?" वाल्तेर म्हणाला.

"बघायला जायचो ना!"

लोरिसने ऐकलं. ऐकण्याची चूक तिथे झाली. डबा काढला म्हणून कार्बोरेटरचे जेट बदलावे लागले, जेट बदलले म्हणून सायलेन्सर मोकळा लागला, सायलेन्सर मोकळा केला म्हणून पिस्टन उंच लागले, पिस्टन आले म्हणून इंजिन तळापर्यंत खोललं, आणि तळापर्यंत खोलल्यावर असं दिसलं की आतली बेअरिंग बदलल्याशिवाय ते पुन्हा जोडता येणार नाही. सप्टेंबरात जो माणूस एक डबा काढायला बसला होता, तो नाताळात एकशे चाळीस सुटे भाग जेवणाच्या टेबलावर मांडून बसला होता.

"लोरिस," त्याची बायको नेरीना स्वयंपाकघरातून शांतपणे म्हणाली. तिचा आवाज चढलेला असला की लोरिसला धीर वाटे. शांत असला की नाही. "ओव्हनमध्ये काय आहे?"

"इंजिनाचं कवच. तापलं की पसरतं, मग बेअरिंग अलगद बसतं."

"माझी आई बारा वाजता जेवायला येणार आहे."

"अकराला निघेल ते."

ते पावणेबाराला निघालं. सासूबाईंनी लाझान्याचा पहिला घास घेतला आणि त्या म्हणाल्या की या चवीने आपल्याला आपल्या दिवंगत यजमानांची आठवण झाली. ते ट्रकचे ड्रायव्हर होते.

हे सगळं लोरिसने सोसलं. सोसवलं नाही ते वडिलांचं मौन. एद्मो त्याच घरात, खालच्या मजल्यावर राहत. संध्याकाळी ते टीव्हीवर शर्यती बघत, आवाज पूर्ण बंद करून. "बडबडणारी गाढवं आहेत सगळी," असं त्यांचं त्यावरचं स्पष्टीकरण. लोरिस शेजारच्या खुर्चीवर टेकायचा आणि त्यांच्या कानशिलाकडे बघत, शक्य तितक्या सहज आवाजात विचारायचा, "बाबा, जेट एकशे तीसचं घालू की एकशे पस्तीसचं?"

वडील पडद्याकडे बघत राहायचे.

"बाबा, विचारतोय मी काहीतरी."

मग वडील मान वळवायचे, आधी त्याच्या तोंडाकडे, मग त्याच्या काळ्या झालेल्या नखांकडे बघायचे आणि पुन्हा पडद्याकडे वळायचे. लोरिस जिना चढून वर यायचा तेव्हा त्याचे कान लाल झालेले असायचे. त्रेपन्न वर्षांच्या, पक्क्या नोकरीतल्या, चष्मा लागलेल्या माणसाला उत्तर देण्याच्या लायकीचं समजू नये, याला काही सीमा? रात्री तो नेरीनाला म्हणायचा, "मला पाण्यात बघतात ते. अजून त्या बोल्टचा राग आहे." नेरीना कूस बदलून म्हणायची, "म्हातारे झालेत रे. उद्या विचार." पण उद्याही तेच व्हायचं.

फेब्रुवारीत इंजिन जोडून झालं आणि मार्चमध्ये गाडी सुरू झाली. पहिल्या दिवशी ती चौकातून नेली, तर ती खोकत, फटाके फोडत, मागे निळा धूर सोडत गेली. वडिलांनी बोट वर केलं. "दुसरं सिलिंडर उपाशी आहे." लोरिस घरी जाऊन सहा दिवस दुसऱ्या सिलिंडरच्या मागे लागला. पुन्हा नेली. तेच बोट आणि तेच वाक्य.

मधल्या काळात सरकार आडवं आलं. गाडी रस्त्यावर आणायची तर तपासणी हवी, आणि तपासणीत गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलाच सायलेन्सर हवा. लोरिसचा सायलेन्सर सुंदर होता, पण पुस्तिकेत नव्हता. तो जिल्ह्याच्या कार्यालयात गेला. स्वतः कारकून असल्याने खिडकीपलीकडच्या माणसाशी बरोबरीच्या नात्याने बोलता येईल, असं त्याला वाटलं होतं.

"बनवणाऱ्याचं प्रमाणपत्र आणा," खिडकीपलीकडची बाई म्हणाली.

"तो वारला."

"मग मृत्यूचा दाखला आणा."

"त्याने सायलेन्सरला परवानगी मिळेल?"

"नाही. पण प्रमाणपत्र का नाही ते फाइलला कळेल."

लोरिसने बावीस वर्षांत असंख्य लोकांना अशीच वाक्यं ऐकवली होती, आणि त्यांचे चेहरे असे का होतात हे त्याला कधी कळलं नव्हतं. त्या दुपारी बसमध्ये खिडकीच्या काचेत त्याला तसाच एक चेहरा दिसला.

वाट गुएर्रिनोने दाखवली. त्याच्या कोठीत, ताडपत्रीखाली, कारखान्याचा एक मूळ सायलेन्सर होता. खालच्या तिन्ही गावांतल्या सगळ्या गाड्या तोच लावून तपासणीला जात आणि परतल्यावर कोठीत जमा करत. कुणाच्या गाडीला तो बसत नसला तर तारेने बांधत. तपासणीच्या माणसाने लोरिसच्या गाडीखाली वाकून बघितलं, सायलेन्सरच्या डाव्या बाजूचा ओळखीचा पोचा बोटाने चाचपला आणि म्हणाला, "हा बरा दिसतोय. मंगळवारी आला होता तेव्हा सर्दी झाली होती याला." शिक्का बसला. फाब्री घराण्यातला तो पहिला खोटा शिक्का, आणि त्यात मान वर करून सांगण्यासारखं काही नव्हतं.

तरीही गाडी काही जुळेना. संध्याकाळी लोरिस मापक लावून दोन्ही कार्बोरेटर समसमान करायचा, इंजिन मांजरीसारखं गुरगुरायचं, आणि दुसऱ्या दिवशी तीच गाडी दमेकऱ्यासारखी खोकायची. त्याला आपल्याच हातांची शंका येऊ लागली. ऑफिसात नकाशांवर रेघा मारताना तो मध्येच थांबून आपल्या बोटांकडे बघायचा. शेवटी त्याने नकाशांची लाल शाई आणली आणि पेट्रोल-हवेच्या मिश्रणाच्या स्क्रूवर बारीक खूण केली. दुसऱ्या दिवशी खूण पाव फेरा सरकलेली होती.

रोव्हेरेल्लात गॅरेजला कुलूप लावत नाहीत. कुलूप लागतं ते घरातलं शेवटचं माणूस गेलं तर, किंवा कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं तर. लोरिस त्या दिवशी डोकेदुखीचं कारण सांगून दुपारीच घरी आला, तर वाल्तेर त्याच्या गाडीवर वाकलेला.

"मी काही केलं नाही," वाल्तेर स्क्रूड्रायव्हर खिशात घालत म्हणाला. "फक्त पाव फेरा. बाहेरच्या बाजूला. तुझं मिश्रण पातळ होतं."

"कालही तूच केलंस?"

"काल मी कशाला? काल गुएर्रिनोचा वार."

चौकशी केली तेव्हा सगळंच बाहेर पडलं. मार्चपासून बारमधले सात जण पाळी लावून येत होते. प्रत्येकाला वाटत होतं की आदल्याने बिघडवलं आहे आणि आपण फक्त दुरुस्त करतो आहोत. चर्चचे फादर सीरियोसुद्धा एका गुरुवारी येऊन गेले होते. "मी मात्र आठवा हिस्साच फिरवला," ते खाली बघत म्हणाले. "आणि तोही प्रार्थना करून."

लोरिस शहरातून कुलूप घेऊन आला.

गावात जे झालं ते तो कुणाच्या तरी खिडक्या फोडत सुटला असता तरी झालं नसतं. आम्नेरिसबाईंनी त्याला कोमट कॉफी दिली, आणि ती बाई कॉफी चुकून कोमट देत नाही. वाल्तेर समोरून आला की रस्ता ओलांडायचा. गुएर्रिनोने निरोप पाठवला की पुढल्या तपासणीला सायलेन्सर मागायला येऊ नये. "चोर समजतो आपल्याला," बारमध्ये ठरलं. "आपण त्या गाडीसाठी रक्त आटवलं आणि हा कुलूप लावतो!" नेरीनाला बेकरीत कुणी पुढे जाऊ देईना. ती घरी येऊन पावाची पिशवी टेबलावर आपटून म्हणाली, "तुझ्या त्या बाबांनी एकदा 'बरी' म्हणावं म्हणून आपण किती लोकांच्या तोंडचं 'वाईट' ऐकायचं, तेवढं सांग. मी आकडा लक्षात ठेवते."

पण अकरा दिवस कुणाचाही हात न लागता गाडी जुळली. लोरिसने कधी न केलेलं केलं. कुणाला विचारलं नाही. मापक बघितला, प्लगांचा रंग बघितला, डोळे मिटून ऐकलं आणि जे ऐकू आलं त्यावर विश्वास ठेवला. शनिवारी पहाटे तो खिंडीपर्यंत गेला. दोन्ही सिलिंडरं एका सुरात होती, वळणातून बाहेर पडताना कुणी पाठीला हात लावून पुढे ढकलावं तशी गाडी ओढत होती. वर पोचल्यावर लोरिस गाडीवरून उतरला आणि बराच वेळ आपले पंजे बघत उभा राहिला. ते कारकुनाचे हात नव्हते. त्याला रडू आलं, आणि आसपास फक्त मेंढ्या असल्याने त्याने ते येऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी गाड्यांच्या आशीर्वादाचा रविवार. रोव्हेरेल्लाचं चर्च टेकडीच्या माथ्यावर आहे आणि आम्नेरिसबाईंचा बार पायथ्याला, चौकात. वर प्रार्थना होते, गाड्या रांगेत लावतात, इंजिनं बंद करून टोप्या काढतात. मग फादर सीरियो बादलीत केरसुणी बुडवून प्रत्येक गाडीवर पवित्र पाणी शिंपडतात आणि गाड्या एकेक करून खाली जातात. लोरिसच्या गाडीपाशी फादरांना त्या गुरुवारचं आठवलं असावं. पापक्षालन म्हणून त्यांनी केरसुणी दोनदा बुडवली आणि हात आखडता घेतला नाही. आणि लोरिसच्या गाडीला, गुएर्रिनोच्या कृपेने, एअर फिल्टरचा डबा नव्हता. वर तोंड करून उघडी असलेली ती दोन नरसाळी भरभरून आशीर्वाद प्याली.

गाडी सुरू झाली. शंभर पावलं तर ती गायली. मग पाणी कार्बोरेटरच्या तळाला बसलं, इंजिनाने एक उचकी दिली आणि ते मेलं. अर्धा उतार अजून बाकी होता आणि खाली चौकात सगळा बार खुर्च्या वळवून बसला होता. लोरिसने क्लच दाबून धरला. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. लाल गाडी टायरांच्या सळसळीखेरीज कसलाही आवाज न करता चौकात उतरली आणि वडिलांच्या खुर्चीसमोर येऊन थांबली. आम्नेरिसबाई आत कपात चमचा ढवळत होत्या, तो बाहेर ऐकू येत होता.

भिंतीला टेकलेल्या एद्मोंच्या मिटल्या पापण्यांत बारीकशी फट होती. त्यांनी बोट वर केलं.

"दुसरं सिलिंडर," ते म्हणाले. "उपाशी आहे."

मग वाल्तेरच्या नाकातून हसू फुटलं, ते पसरलं आणि दोन टेबलं हसायला लागली. एद्मोंनी डोळे उघडले. समोर सगळी तोंडं हलताना दिसली, म्हणून तेही हसले. मग त्यांची नजर लोरिसच्या दाबलेल्या क्लचवर गेली, मागे सायलेन्सरवर गेली, जिथून धूर येत नव्हता, आणि ते हसू चेहऱ्यावर तसंच अडकून राहिलं. लोरिसने आपल्या वडिलांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. ते आता घाबरले होते.

लोरिसला आधी आला तो राग. नऊ महिने, बायकोचा ओव्हन, खोटा शिक्का, गावाशी वैर, आणि ज्याला ऐकवायचं त्याला ऐकूच येत नव्हतं! कधीपासून? टीव्हीचा आवाज बंद झाला तेव्हापासून की त्याच्याही आधी? काल खिंडीत जे वाजलं ते या माणसाच्या कानावर कधीच पडणार नव्हतं. 'इंजिन बंद आहे, बाबा,' एवढं एक वाक्य बोललं असतं तर चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या बोल्टची पुरती परतफेड झाली असती. ते वाक्य जिभेवर आलंही होतं.

"दात काय काढतोस, वाल्तेर?" लोरिस म्हणाला. "इंजिन चालू आहे."

वाल्तेर हसायचा थांबला. "काय?"

"मंद चालू आहे. दुसरं सिलिंडर उपाशी आहे म्हणून आवाज नाही. तुला ऐकू येत नाही का? कान तपासून घे."

फादर सीरियो धापा टाकत, बादलीची कडी वाजवत उतार उतरून चौकात आले. वाल्तेरने लोरिसकडे बघितलं, मग खुर्चीतल्या उस्तादांकडे. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.

"येतंय," तो म्हणाला. "आता येतंय. बारीक आहे."

"मला मघापासून येतंय," गुएर्रिनो म्हणाला. "बोलणार होतो. दुसरंच आहे."

"मला तर पहिल्याचीही शंका आहे," फादर सीरियो म्हणाले, ज्यांना खोटं बोलायची परवानगी नव्हती.

एद्मो खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठले. त्यांनी हात पुढे केला, आणि वाल्तेरने तत्परतेने खिशातला तोच स्क्रूड्रायव्हर त्यात ठेवला. म्हातारा गाडीवर वाकला. स्क्रूची खाच त्यांना न बघता सापडली. अकरा दिवस जपलेल्या लाल खुणेवरून त्यांनी स्क्रू पाव फेरा फिरवला. मग डावा तळवा पेट्रोलच्या टाकीवर ठेवला. सगळा बार माना वाकवून त्या मेलेल्या इंजिनाकडे कान लावून उभा होता. तो तळवा त्या गार पत्र्यावर लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ राहिला.

"आता बरी वाजतेय," एद्मो म्हणाले. बोलताना ते गाडीकडे बघत नव्हते, लोरिसकडे बघत होते.

लोरिसने तोंड मोठं उघडून, एकेक अक्षर सुटं करून म्हटलं, "हो, बाबा."

मग मंडळी आपापल्या कपांकडे वळली. आम्नेरिसबाईंनी लोरिससाठी कॉफी आणली, ती कढत होती. त्याला घरी जायचं होतं, पण गाडी ढकलत नेता येईना, कारण ती चालू होती. साडेबाराला बाबा जेवायला उठेपर्यंत तो तिच्यावर तसाच बसून राहिला, आणि ते बघताहेत असं वाटलं की मधूनच थोडी रेस देत राहिला.